झिलूने तळं राखलं

कोकणातल्या एका गावात एक भोळा भाचा होता. झिलू त्याचं नाव. आईबाप लवकर गेले, आत्याने वाढवला. अंगाने रेडा, मनाने वासरू. सांगितलेलं कधी विसरायचा नाही, एवढाच काय तो दोष.

आत्याच्या परसात चिऱ्यांनी बांधलेलं तळं होतं. त्यात कमळं, मासे. झिलूला मुलगी सांगून आली तेव्हा आत्या म्हणाली, "झिल्या, तुला बघून कोण मुलगी देणार? दिली तर तळं बघून देतील. जप त्याला. ते हिरवं साचलंय ते काढ."

झिलूने शेवाळ काढलं. कमळाची पानंही हिरवीच होती. तीही काढली.

आत्याने कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, माशांना सावली कशाची? सगळं काढू नये. अर्धं काढावं, अर्धं राखावं."

"बरं आत्ये."

मग तिने त्याला दाढीमिशी काढायला न्हाव्याकडे धाडलं. झिलू अर्धी मिशी राखून आला.

"मेल्या, असं अर्धवट सोडतात? एकदा हात घातला की गुळगुळीत होईस्तोवर थांबू नये."

"बरं आत्ये."

झिलू तळ्यात उतरला. राख नि काथ्या घेऊन चिरे घासत सुटला. गुळगुळीत होईस्तोवर थांबला नाही. संध्याकाळी मासे उताणे.

आत्याने डोळे पुसले, तळं उपसून नवं पाणी भरलं. शेजारणीकडून हंडीत मासे आणले. झिलू हंडी उपडी करायला धावला. तिने त्याचा हात धरला.

"थांब. नवीन आलेल्याला एकदम सोडू नये, तो बावरतो. ज्यात असेल त्याच्यासकट पाण्यात ठेवावा. वरून थोडं थोडं पाणी घालावं. तोंड वासायचा थांबला की सवय झाली. मग सोडावा."

"बरं आत्ये."

मुलीचे बाप, दाजीबा, आले. आत्याने त्यांना परसात खुर्ची दिली. तळं त्यांच्या मनात भरलं. "जो तळं एवढं राखतो, तो माझ्या पोरीलाही राखील," ते म्हणाले.

आत्या हरखली. झिलूच्या कानात म्हणाली, "मी चहा आणते. नवीन माणूस आहे, बावरू देऊ नको."

चहा घेऊन येते तो खुर्ची तळ्यात. खुर्चीत दाजीबा, छातीभर पाण्यात. टोपी कमळाच्या बाजूला तरंगतेय. झिलू एका हाताने त्यांना दाबून धरतोय आणि दुसऱ्या हाताने तांब्यातून डोक्यावर थोडं थोडं पाणी घालतोय.

"बाई, मुलगी काही मी देत नाही," दाजीबा म्हणाले, "पण मला सोडायला सांगा याला."

"सोड त्यांना, मेल्या."

झिलूने वाकून दाजीबांचं तोंड नीट निरखलं.

"एवढ्यात नको आत्ये. अजून वासतायत."