चौखांब्यात वाट का दाखवत नाहीत

समोर ते चार मनोरे दिसतात ना, त्यांना चौखांबा म्हणतात. पाटीवर कंपनीचं इंग्रजी नाव आहे, पण ते कोणी घेत नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं चौखांबा म्हणा, तो बरोब्बर इथं आणून सोडतो. कंपनीचं हेड ऑफिस आहे हे. चारही मनोरे एका मापाचे, एका रंगाचे, आणि नवव्या मजल्यावर काचेच्या पुलांनी एकमेकांना जोडलेले. वर गेलात तर त्या पुलावर एखादा कोट-टायवाला भर दुपारी फरशीवर मांडी घालून बसलेला दिसेल. हसू नका, वेडा नाही तो. आणि कोणाला वाट विचारलीत तर तो बोट दाखवणार नाही, हातातलं काम टाकून तुमच्याबरोबर चालू लागेल. परगावचे लोक गोंधळतात. गोंधळणारच. ह्या इमारतीची सुरुवातच गोंधळातून झालेली आहे.

असं सांगतात की चौखांबा नवा कोरा होता तेव्हा माण तालुक्यातला एक मेंढपाळ इथं आला. सखाहरी गोंजारे त्याचं नाव. उभा जन्म मेंढरांमागं कोकणापर्यंत चालण्यात गेलेला. वाट चुकलो असं त्याच्या तोंडून बायकोनंसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. चुकला तरी म्हणायचा, "ही वाटच हालली." असला ताठ माणूस.

त्याची बायको यसूबाई हिचं आतडं पिळलं होतं. गावाकडच्या डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा सखाहरीनं तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, दिवस मावळायच्या आत पोट फाडावं लागेल, नाहीतर आशा नाही. पण यसूबाई अडून बसली. "दिनाचं तोंड बघितल्याबिगर मला कुनी सुई लावायची न्हाई," म्हणाली. नर्सचा हात झिडकारला तिनं. दिना म्हणजे त्यांचा एकुलता एक पोरगा, नुकताच चौखांब्यात टायपिस्ट म्हणून लागलेला.

"आत्ता घिऊन येतो," म्हणून सखाहरी निघाला. दवाखान्यापासून चौखांबा दिसत होता. दिसतंय म्हणजे पोचलोच, असा त्याचा हिशेब. माळावर तो हिशेब खरा असतो.

दारावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, "टायपिंग ना? लिफ्टनं नववा मजला, मग डाव्या हाताला." सखाहरी नवव्या मजल्यावर डाव्या हाताला वळला, तर समोर पूल. पूल ओलांडला तर पुन्हा तसलीच लिफ्ट, तसलीच कुंडी, तसलाच रंग. तिथं एका बाईला विचारलं. ती म्हणाली, "सरळ जा काका, मग डावीकडे." तो सरळ गेला, डावीकडे वळला, आणि पुन्हा पुलावर. खोटं कोणीच बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत. जो तो उभा होता तिथून बरोबर सांगायचा, पण एक वळण चुकलं की हा भलत्याच मनोऱ्यात. सखाहरीला वाटायला लागलं, आपण जागेवरच उभे आहोत आणि इमारत आपल्याभोवती फिरतेय. खाली बघितलं तर रस्ता एकदा समुद्राच्या बाजूला दिसायचा, एकदा स्टेशनच्या. सूर्यसुद्धा कुठल्या काचेत खरा आणि कुठल्या काचेत खोटा, काही कळेना.

तिकडे दिना आपल्या टेबलावरच होता. तो तिथंच बसून राहिला असता तर बाप कधी ना कधी येऊन धडकलाच असता. पण त्याच्या खोलीवरच्या सोबत्याला बाप खाली दारात भेटला होता, त्यानं निरोप आणला, "तुझा बाप घाईघाईनं तुला शोधायला आत शिरलाय. काय झालंय ते बोलला नाही." झालं. पोरगा उठला आणि बापाला शोधायला निघाला.

आता सखाहरीनं दिनाला लहानपणापासून एक शिकवण दिली होती. शिंगणापूरच्या जत्रेत बजावायचा, "चुकलास तर बूड हालवू नगंस. हरवलेल्यानं बसायचं आन् हुडकणाऱ्यानं फिरायचं." शिकवण सोन्यासारखी. पण त्या दिवशी बापाला वाटत होतं हुडकणारा मी, आणि पोराला वाटत होतं हुडकणारा मी. हरवलेला कोणीच व्हायला तयार नाही. मग बसणार कोण?

दुपार कलली तेव्हा म्हणे ते एकमेकांना दिसले. मध्ये चौक मोकळा, ह्या अंगाच्या पुलावर बाप, त्या अंगाच्या पुलावर पोरगा. दोघांनी हात हलवले. सखाहरीनं "आरं दिना!" म्हणून हाळी घातली, पण काचेतून कसला आवाज जातोय? आणि मग दोघंही धावले. बाप पोराच्या पुलावर पोचला, तेव्हा पोरगा बापाच्या पुलावर. पुन्हा हात हलवले, पुन्हा धावले. बघणारे हसत होते. त्यांना काय ठाऊक, तिकडे एक बाई दात आवळून पडलीय.

सखाहरीनं काचेतून उन्हाकडे बघितलं. ते पिवळं पडलं होतं. यसूबाईचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं आला. पुलाच्या ऐन मध्यावर त्यानं घोंगडी टाकली आणि मांडी घातली. मग मोठ्यानं, साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडला, "म्या हरवलोय!"

त्याच वेळी कंपनीचे मालक, हरकिसन शेठ, साहेबांचा लवाजमा घेऊन त्या पुलावरून चालले होते. वाटेत हा बसलेला.

शेठनी विचारलं, "बाबा, कुठं जायचंय तुम्हाला?"

"टायपिंगला. पोरगा हाय तितं."

"सोपं आहे. इथून उजवीकडे..." म्हणत शेठनी हात वर केला.

"हात खाली घ्या!" सखाहरी कडाडला. "सकाळधरनं समद्यांनी हातच दाखवलेत. वाट दावू नगा, पोराला हाताला धरून आना. माझी मानसीण मरतीय तिकडं. आन् म्या आता जाग्यावरनं हालनार न्हाई. हरवलेल्यानं हालायचं नसतं."

साहेब लोक पहारेकऱ्याला हाका मारायला लागले. शेठनी त्यांना गप्प केलं आणि स्वतः निघाले. आणि गंमत बघा, शेठसुद्धा चुकले! स्वतःच्या पैशानं बांधलेल्या इमारतीत त्यांना टायपिंगची खोली सापडेना. एका शिपायाला विचारलं, तर त्यानंही बोट दाखवलं. शेठ त्याच्यावर खेकसले, "बोट नको, चल बरोबर!" तो शिपाई बरोबर चालला, पुढं एक कारकून चालला, आणि अशी वरात पुढच्या पुलावर पोचली तेव्हा घामाघूम दिना पळत येताना दिसला. शेठनी त्याचं मनगट धरलं ते बापाच्या हातात देईपर्यंत सोडलं नाही. मग आपली गाडी देऊन दोघांना दवाखान्यात धाडलं.

यसूबाईनं पोराचं तोंड बघितलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "दिसभर कुठं हुता?"

"हरवलो हुतो."

"काय म्हनला?"

"हरवलो हुतो म्हनलं की!"

एवढ्या वेदनेत ती बाई हसली म्हणे. "आता न्या," म्हणाली डॉक्टरला. "ह्ये ऐकायचं ऱ्हायलं हुतं." कोणी सांगतात ती टेबलावरच गेली. ते खोटं. ती वाचली, आणि पुढं बरीच वर्षं ही गोष्ट साऱ्या भावकीला तिखटमीठ लावून तीच सांगत होती. नाहीतर आपल्यापर्यंत कशी आली असती?

शेठनी त्याच आठवड्यात हुकूम काढला: ह्या इमारतीत कोणी कोणाला वाट दाखवायची नाही, पोचवायची. आणि ज्याला उमगेना त्यानं पुलावर बसायचं आणि तोंडानं बोलायचं. पाट्या लावा, भिंतींवर बाण रंगवा, असं सांगणारे पुष्कळ आले. शेठनी ऐकलं नाही.

आजही चौखांब्यात तोच रिवाज आहे. नवं पोरगं असो की मोठा मॅनेजर, पुलावर बसून "मी हरवलोय" म्हणालं की कोणीतरी येतंच, आणि ज्याच्याकडे काम आहे तो माणूस समोर दिसेपर्यंत हात सोडत नाही. मात्र ते बोलायला जीभ वळावी लागते. संध्याकाळी खाली उभं राहून वर बघा. चारही पुलांवरून लगबगीनं चाललेली माणसं दिसतील, हातात फायली, चेहरे कामाचे. त्यातली निम्मी सकाळपासून गोल फिरताहेत.