न सुटलेला हुक

एका तालुक्याच्या गावात विश्राम नावाचा एक प्रोग्रॅमर राहत होता. नावाचाच विश्राम, बिचाऱ्याला पाठ टेकायला वेळ नव्हता.

नदीवर पाणी मोजणारी यंत्रं होती. त्यांचे ताजे आकडे पाटबंधारे खात्याच्या कचेरीत दिसावेत म्हणून त्याने एक वेबपेज केलं होतं. प्रत्येक यंत्राला एक कंपोनंट, म्हणजे पडद्यावरची एक चौकट. चौकट उघडली की तिच्यातला हुक, म्हणजे जोडणी करणारा कोडचा तुकडा, त्या यंत्राच्या डेटा स्ट्रीमला, म्हणजे आकड्यांच्या प्रवाहाला, सबस्क्राइब करी, आणि आकडे वाहत येत.

चौकट मिटली की हुकने स्ट्रीम सोडायला हवी. फार तर दोन ओळींचं काम. विश्रामने ते लिहिलंच नव्हतं. मग मिटलेल्या चौकटीही आकडे घेतच राहत, आणि दुपारपर्यंत पेज गळून जाई.

"विश्राम, पुन्हा अडकलं रे," कचेरीतल्या सुलभाताई फोन करत.

"रिफ्रेश करा, ताई."

"अरे, एकदा नीट कर ना!"

"करतो. जरा दम खाऊ द्या."

खरंच दमला होता तो. आणि दमला होता तो बराचसा या फोनांनीच.

उन्हाळ्यात गिरजाबाई भोई नदीच्या कोरड्या पात्रात कलिंगडं लावायची. धरणातून पाणी सुटलं की वरच्या यंत्राचा आकडा चढे, सुलभाताई तिला कळवत, आणि ती तयार फळं काठावर आणून ठेवी. वर्षाची कमाई तेवढीच.

एका दुपारी पाणी सुटलं. पेज मात्र मिटलेल्या चौकटींचे आकडे उपसत बसलं होतं. समोरच्या चौकटीत सकाळचाच आकडा. सुलभाताईंनी रिफ्रेश केलं, तोवर पाणी कलिंगडांच्या वाडीत शिरलं होतं. गिरजाबाई नातीला कडेवर घेऊन कशीबशी काठावर आली. कलिंगडं डोळ्यांदेखत वाहून गेली.

संध्याकाळी विश्राम नदीवर गेला. गिरजाबाई ओल्या लुगड्यानिशी बसली होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ताईंचा फोन न्हाई आला, म्हून मी बिनघोर व्हते, बाबा."

घरी येऊन त्याने त्या दोन ओळी लिहिल्या. चहा निवायच्या आत काम झालं.

दुसऱ्या दिवशी सुलभाताईंचा फोन आला नाही. त्यानंतरही नाही. इतके दिवस हवी होती ती उसंत मिळाली, पण विश्रामला ती गोड लागली नाही.

तात्पर्य: जे जोडाल, ते सोडवण्याची सोय जोडतानाच करा; आपल्या आळसाचं नुकसान बहुधा दुसऱ्याच्याच दारात जाऊन पडतं.