कौतिकाबाईंची फाइल

“मंग ती अक्षरं गेली कुठी?” अचलबाबांनी विचारलं.

हेमराजच्या मांडीवर लॅपटॉप उघडा, आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं.

मी आश्रमाच्या त्याच ओसरीच्या टोकाला तुरीची डाळ निवडत बसले होते. खरं सांगते, हातातलं सूप त्याच्या डोक्यात घालावं असा राग आला होता मला. नागपूरहून शिकून आल्यापासून या पोराची एकच टिमकी... तुमच्या पोथ्या वाळवी खाते, माझ्याकडे द्या, मी जपतो. घ्या, जपल्या!

कौतिकाबाईंना जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. आमच्या थोरल्या बाबांना, म्हणजे आश्रमाच्या मूळ महाराजांना, डोळ्यांनी पाहिलेलं माणूस म्हणून त्या एकट्याच उरल्या होत्या. अचलबाबा थोरल्या बाबांना गुरू मानतात खरे, पण ते आश्रमात आले थोरले बाबा गेल्यानंतर. दर्शन कधी झालंच नाही.

बाईंची दृष्टी गेलेली. अख्खा उन्हाळा त्या आठवणी सांगत गेल्या आणि हेमराज टाइप करत गेला. “एवढं उतरवून घे रे बाप्पा, मंग मी मोकळी,” म्हणायच्या. झाल्या मोकळ्या.

“सांग ना,” बाबा म्हणाले.

“छापखान्याने साधी फाइल मागितली, बाबा. मी सेव्ह करताना जुनी पद्धत निवडली. तिच्यात इंग्रजी अक्षरं तेवढी बसतात. आपलं एकही बसत नाही. जे बसलं नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह आलं.”

“तुले न विचारता?”

“...विचारलं होतं. अक्षरं जातील, अशी पाटी आली होती.”

“मंग?”

“वाचली नाही. ओके दाबलं. नेहमीच दाबतो.”

माझ्या तोंडून “अगं बाई” निघून गेलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून खडे शोधू लागले.

“उलटं फिरत नाही का ते?”

“कधी फिरतं, बाबा. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं आलं असेल तर फिरतं. इथं सगळ्यांच्या जागी एकच आलंय. आता यातला ‘क’ कुठला आणि ‘म’ कुठला, कोण सांगणार?”

“दुसरी प्रत?”

“पेनड्राइव्हवर होती. तिच्यावरही हीच चढवली. दोन-दोन प्रती म्हणजे अडगळ वाटायची मला.”

छापून आलं की मला वाचून दाखव, असं बाबा उन्हाळाभर म्हणत होते. बाईंच्या शेजारी जाऊन बसायला त्यांनाही सवड झाली नव्हती. ते आठवलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. नुसतं वाईट वाटत राहिलं.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “ऐकलं तर तू होतं ना सारं? तूच सांग. पहिल्या दिवशी काय म्हणे ती?”

हेमराजनं पडद्याकडे पाहिलं.

“आठवत नाही, बाबा.”

“दुसऱ्या दिवशी?”

“मी टाइप करत होतो. वेलांटी चुकू नये, ओळ सुटू नये... एवढंच लक्ष. ऐकलं नाही मी. काहीच ऐकलं नाही.” आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

बाबा पुढे सरकले. त्याचे दोन्ही हात लॅपटॉपवरून उचलले आणि आपल्या हातांत घेऊन बसले.

“आता असेच राहू दे. घाई नाही.”

...

बऱ्याच वेळानं हेमराज म्हणाला, “एक दिवस त्या मध्येच थांबल्या होत्या. म्हणाल्या, हात काढ, हे लिहू नको.”

“काय?”

“थोरल्या बाबांचा शेवटचा दिवस. बाहेर सगळे म्हणत होते, महाराज नामस्मरणात आहेत. आत पाणी पाजायला बाई एकट्याच, तेव्हा परकरी पोर. ते यांना सारखं विचारत होते... पोरी, माझी माय आली का?”

बाबांचा श्वास मला ओसरीच्या टोकाला ऐकू आला.

“माय तर केव्हाच गेली होती त्यांची. या म्हणाल्या, आली बाबा, दारात पाय धुते आहे. तेव्हा ते हसले, आणि डोळे मिटले ते मिटलेच. एवढ्या मोठ्या साधूशी शेवटच्या घडीला खोटं बोलले मी, असं म्हणून बाई माझा हात धरून रडल्या होत्या.”

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. मला तर डाळ आणि खडा वेगळा दिसेना.

हेमराजनं हात सोडवून घेतले, नाक पुसलं, लॅपटॉप ओढला.

“बाबा, एवढं तरी लिहून ठेवतो. या वेळी नीट ठेवतो.”

बाबांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

“अजून एकदा सांग, बाप्पा.”