गुळाचा खडा आणि आत्याची शेळी

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा पाणमांजरं माणसांशी बोलायची आणि माणसंही त्यांना सरळ उत्तर द्यायची. त्या काळी एका संथ नदीच्या काठी एक लहानसं गाव होतं. गाव म्हणजे तरी काय, थोडी घरं, एक पिंपळ आणि मागं एक बोडकी टेकडी. बाकी सगळी नदीच.

पावसाळा सरला की नदी अंग चोरून एका कडेनं वाहू लागायची आणि पांढरी वाळू उघडी पडायची. मग गावकरी बिऱ्हाडं घेऊन त्या वाळूत उतरायचे. बोरूच्या खोपी बांधायचे, वाळूत आळी करून कलिंगडाचं बी लावायचे आणि उन्हाळा सरेपर्यंत पोराबाळांसकट तिथंच राहायचे. गावाचं पोट त्या वाळूवर होतं.

पण उतरायचं कधी? ते सांगायची आत्या. ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. तिला मागं-पुढं कुणी नव्हतं, एक शेळी तेवढी होती. दिवसभर ती नदीकाठी बसून असायची. वारा कुठून येतो, मुंग्या काय वाहून नेतात, चंद्राला खळं पडलं का, हे तिला नुसतं बसल्या बसल्या कळायचं. कार्तिकातली पौर्णिमा उलटली की गाव पिंपळाखाली जमायचं आणि आत्या पुढचं हवामान सांगायची. थंडी कधी धरेल, धुकं कधी निवळेल, जाता जाता पाऊस एकदा मागं वळून बघेल का.

याची एक रीत होती. आत्याच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवायचा. तो विरघळला की मगच तिनं बोलायचं. शब्द गोड निघावेत म्हणून कुणा शहाण्यानं ही रीत घातली होती. पण माणसांची गंमत बघा. होता होता त्यांना वाटू लागलं की गुळानं शब्दच काय, हवामानही गोड होतं. एका वर्षी आत्यानं कडाक्याची थंडी सांगितली, तशी ती पडली, आणि लोक तिलाच म्हणाले, "आत्या, गूळ वाया घालवलास गं." त्या हिवाळ्यात तिच्या दारी कुणी फिरकलं नाही. तिला ते फार लागलं.

तेव्हापासून आत्या सगळं गोड करून सांगू लागली. कडाक्याची थंडी असली तर म्हणायची, "गुलाबी थंडी." आठवडाभर सूर्य दिसणार नसला तर म्हणायची, "जरा धुकं." लोक खूश होते. पिंपळाखाली सगळं गाव तिच्याभोवती बसायचं, पोरं तिच्या मांडीवर चढायची. एकट्या बाईला आणखी काय हवं असतं?

मग ते वर्ष आलं. कार्तिक संपत आला तरी वाऱ्याला ऊब होती. पहाटे नदीवर इतकं दाट धुकं असायचं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळू नये. त्या धुक्यातून एके दिवशी एक पाणमांजर वर आलं. तोंडात त्याचं पिल्लू होतं. ते आत्याच्या पायाशी थबकलं, पिल्लू खाली ठेवलं आणि दम घेऊ लागलं.

"बाई, बिऱ्हाड हलवतेस?" आत्यानं विचारलं.

"हलवते. टेकडीला चाललेय," पाणमांजर म्हणालं. "वरच्या डोंगरात ढग निजलेत. जागे झाले की नदी आपली वाळू परत मागेल."

आत्याला हे ठाऊक होतंच. पण आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की अंगावर काटा येतो, तसा तिला आला.

दुसऱ्या दिवशी गाव पिंपळाखाली जमलं. आत्याच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला गेला. पाटील सगळ्यात पुढं बसले होते, त्यांना यंदा सगळ्यांच्या आधी बी टाकायचं होतं. त्यांच्या मागं राही होती, तान्ह्या लेकीला मांडीवर थोपटत. तिची पहिलीच खोप होती ती. सगळे आत्याच्या तोंडाकडे बघत होते. गूळ विरघळला. आत्यानं खरं बोलायला तोंड उघडलं, ते चेहरे पाहिले आणि तिचा धीर सुटला.

"थोडे शिंतोडे पडतील," ती म्हणाली. "वाळू ओली होईल, इतकंच."

गाव हसत हसत वाळूत उतरलं. खोपी उभ्या राहिल्या, बी वाळूआड गेलं. आत्या घरी आली आणि शेळी घेऊन टेकडी चढली. एका खडकाला तिनं शेळी बांधली आणि तिच्याजवळ बसून रडली.

काही दिवसांनी दुपारी धुकं निवळलं. राहीनं वाळूतून मान वर केली तर टेकडीवर शेळी, आणि तिच्याजवळ आत्या. ती लेकीला कडेवर घेऊन तशीच चढून गेली.

"आत्या, खाली एवढा पाला हाय. शेळी हितं कशापायी बांधलीस?"

आत्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"शिंतोडे पडणार म्हनलीस ना?"

"शिंतोडे न्हाईत गं पोरी," आत्या म्हणाली. "पूर येनार हाय. माज्यानं बोलवलं न्हाई. तुमी समदे पुन्यांदा माज्या दारी यायचं सोडाल, याचं भ्या वाटलं."

राहीला राग आला आणि कीवही आली. पण तिनं आत्याचा हात धरला आणि तिला खाली वाळूत नेलं. आत्यानं सगळ्यांसमोर खरं सांगितलं. पाटील वैतागले. "परवा एक, आज एक. तुजं खरं कंचं धरायचं?"

तेव्हा राही आपली गोधडी गुंडाळत म्हणाली, "माजा आत्याच्या तोंडावर भरवसा न्हाई. तिच्या शेळीवर हाय."

लोक हसले. मग त्यांनी टेकडीकडे पाहिलं. तिथं खडकाला बांधलेली शेळी शांतपणे उभी होती, आणि तिच्या मागं आभाळ काळं होत होतं. हसणं हळूहळू थांबलं. एकेक बिऱ्हाड उचललं जाऊ लागलं. शेवटी पाटीलही उठले.

दिवस मावळता मावळता पाणी आलं. आवाज न करता आलं, झोपेत कूस बदलावी तसं. सकाळी धुक्याखाली वाळू नव्हती, खोपी नव्हत्या, नुसती नदी होती. टेकडीवर सगळं गाव जिवंत होतं. बी मात्र एकही उरलं नव्हतं.

"आदी बोलली असतीस तर बी तरी वाचलं असतं," पाटील म्हणाले.

"आदी बोलले असते तर तुमी ऐकलं असतं का?" आत्यानं विचारलं.

दोघांचंही खरं होतं. त्या उन्हाळ्यात गावात कलिंगड पिकलं नाही. कढत दुपारी पोरं कलिंगड मागायची आणि आया त्यांना पाणी पाजायच्या.

पुढच्या कार्तिकात गाव पुन्हा पिंपळाखाली जमलं. कुणीतरी आत्यापुढं गुळाचा खडा धरला. आत्यानं तो तोंडात टाकला नाही. राहीच्या घरून तिनं गुळाची अख्खी ढेप आणवली, ती फोडली आणि प्रत्येकाच्या जिभेवर एकेक खडा ठेवला. पाटलांना जरा मोठाच दिला.

"इरघळंस्तवर कुनी बोलायचं न्हाई," ती म्हणाली.

मग कोरड्या तोंडानं तिनं सांगितलं की यंदा थंडी झोंबेल, धुकं लवकर उठणार नाही, आणि घाईनं टाकलेलं बी कुजेल. पाटलांचे गाल फुगलेले होते. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं, पण तोंडात गूळ होता. तो विरघळेपर्यंत आत्याचं म्हणणं त्यांच्या गळी उतरलं होतं. त्या हिवाळ्यात थंडी झोंबली तशी झोंबलीच, पण आत्याच्या दारातली शेकोटी माणसांनी भरलेली असायची.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: सांगणाऱ्यानं खरं बोलावं, आणि ऐकणाऱ्यानं तोंड गोड ठेवावं.