उभीचा कातळ

खडकवणच्या माळावर वैशाखातल्या घटनावाचनाला आलेला पाहुणा काळा कातळ दिसला की सवयीने चपला काढायला वाकतो, आणि लगेच गावातले कोणीतरी त्याच्यावर खेकसते, "घाला त्या पायात. हितं अनवाणी यायचं न्हाई." बाकीच्या गावांत मानाच्या जागी चपला काढतात, इथे काढल्या तर तो गावाचा अपमान. का, ते नीट ऐकून घ्यावे, कारण भलतेसलते सांगणारेही गावात कमी नाहीत.

खडकवण तेव्हा छोटेसे संस्थान होते. तिथल्या राजाने, म्हणे, स्वतःहून प्रजेला राज्यघटना दिली. पहिलेच कलम होते: सर्व प्रजाजन समान. राजा मनाचा चांगला होता, पण घटना लिहिली दिवाण नरहरपंतांनी, आणि पंत काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पुढच्या कलमांत त्यांनी सभा निवडण्याचा हक्क फक्त जमीनवाल्या पुरुषांना ठेवला. शेवटी आणखी एक कलम घातले. घटनेत बदल मागणाऱ्याने वैशाखातल्या भर दुपारी माळावरच्या कातळावर अनवाणी उभे राहावे आणि सारी घटना वाचून होईपर्यंत हलू नये. हलला तर मागणी बाद. घटना पवित्र आहे, तिच्यापुढे पायताण कसले, असे त्यांचे म्हणणे. त्यावर कोण काय बोलणार? एका इनामदाराने हौसेने प्रयत्न करून पाहिला, पण तिसऱ्या कलमालाच तो नाचत नाचत सावलीत पळाला असे सांगतात.

मग सभेने ठराव केला की रानातला बांबू कोणी तोडायचा नाही. जमीनवाल्यांचे त्यात काही जात नव्हते. बुरुडांचे मात्र सगळे पोटच त्या बांबूवर होते. बुरूडआळीत सुपे-टोपल्या विणणारी सारजा नावाची विधवा बाई होती. ती तडक दिवाणांकडे गेली.

"बाई, ठराव सभेचा आहे," पंत म्हणाले.

"सभेत आमचं कोण हाय?"

"घटनेप्रमाणे कोणी नाही."

"मग घटना बदला."

पंत हसले आणि त्यांनी तिला वैशाखातला दिवस नेमून दिला.

त्या दुपारी सारे संस्थान माळावर लोटले. राजा छत्राखाली बसला. सारजाने चपला कडेला काढल्या आणि कातळावर पाय ठेवला. कळ थेट मस्तकात गेली. ओरडावेसे वाटले, पण पंत तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांना तेवढे सुख द्यायची तिची तयारी नव्हती. कारकून वाचू लागला. पंतांची आधीच खूण होती, त्यामुळे दर कलमानंतर तो पाणी पिई, चष्मा पुसे, पान शोधत बसे. सारजाच्या तळव्यांना फोड आले आणि ते फुटलेही.

राजाला बघवेना. "चपला द्या तिला," तो म्हणाला. "बाई, तुझा बांबू मी सोडतो. माझा हुकूम आहे."

घ्यावे, असे सारजाच्या मनात आलेच. पोरांच्या पोटाचा प्रश्न तिथल्या तिथे सुटत होता. पण हुकूम देणारा तो काढूनही घेतो, हे तिने जन्मभर पाहिले होते.

"सरकार, आज तुमी द्याल, उद्या परत घ्याल," ती म्हणाली. "मला मेहेरबानी नगं. जमीन असू नसू, बाई असू बाप्या असू, समद्यांस्नी मत. त्ये त्या कागदात लिवा." मग जागची न हलता तिने कारकुनाला विचारले. "तुमी का थांबला? वाचा."

शेवटचे कलम संपले तेव्हाही ती उभीच होती. राजाला सही करावी लागली. पंत कसनुसे हसून म्हणाले, "झाले ना तुझ्या मनासारखे? उतर आता."

"अजून एक मागणं हाय. ह्ये अनवाणी हुबं ऱ्हायाचं कलम काढा. माझ्यामागनं येनाऱ्याचे पाय भाजाया नगंत."

"दुसरी मागणी म्हणजे दुसरे वाचन. पहिल्यापासून."

"वाचा की."

काही जण सांगतात, त्या वेळी सूर्यावर ढग आला आणि कातळ गार पडला. थापा आहेत. ढगबिग काही आला नाही. ऊन होते तसेच होते, आणि ती उभी होती. एवढे मात्र जुनी माणसे छातीठोकपणे सांगत की या खेपेला कारकून पाणी प्यायला थांबला नाही. पंत खुणावत राहिले, दरडावत राहिले, पण त्याने मान वर केली नाही आणि सारी घटना एका दमात वाचून काढली. कलम गेले. सारजाला उचलून घरी न्यावे लागले, आणि पुढे ती कधी धड चालली नाही. नव्या सभेत मात्र ती निवडून आली. भाऊबंद तिला पाठीवर घेऊन सभेला यायचे, आणि बांबूचा ठराव तिनेच मोडीत काढला.

पुढे संस्थान विलीन झाले. तुमची घटना आता नुसता कागद आहे, उन्हातान्हात कशाला जमता, असे एका साहेबाने येऊन सांगितले. खडकवण कधी कोणाचे ऐकते? आजही वैशाखातल्या भर दुपारी सारा गाव पायात चपला घालून कातळावर उभा राहतो आणि घटना पहिल्यापासून वाचली जाते. वाचन संपले की वाचणारा विचारतो, "कुणाला काय बदलायचं हाय का?" आजवर एकाही वर्षी गाव गप्प राहिलेला नाही.