खुंटाची तहान

पूर्वी एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दगड वाहणाऱ्यांच्या टोळीत जन्माला आले होते. राजाला तळ्याकाठी बसायला ओटा हवा होता. तळ्याकाठी दगड पुष्कळ होते, पण ते जवळचे होते. राजांना नेहमी लांबचाच दगड लागतो, म्हणून डोंगरमाथ्यावरून एक भलीमोठी शिळा उतरवायचे ठरले.

शिळा लाकडी चौकटीवर बांधली जाई, चौकटीखाली गोल ओंडके सरकवले जात, आणि उतारावरून ती हळूहळू खाली सोडली जाई. मागच्या बाजूला जाड दोर असे. तो दोर जमिनीत पुरलेल्या खुंटाला वेढे घालून धरून ठेवायचे काम खदिर नावाच्या गड्याकडे होते. खदिर अंगाने दांडगा आणि डोक्याने तापट. शिळेच्या आड पुढे काय चालले आहे, ते त्याला दिसत नसे. म्हणून शिळेवर एक माणूस उभा राही आणि हाळी देई. “सोऽड” म्हटले की खदिर वेढा सैल करी, “धऽर” म्हटले की आवळी. हाळी देणारे होते बोधिसत्त्व.

दोर खुंटावर घासून तापे, धुरकटे. म्हणून दर हाळीनंतर खुंटावर घडाभर पाणी ओतायची जुनी रीत होती. गडी म्हणत, आधी खुंट पितो, मग आपण.

त्या वर्षी पिंगलक नावाचा नवा मुकादम आला. त्याच्या डोक्यावर छत्री होती, आणि छत्रीखाली जे काय होते त्याला तो अक्कल म्हणे. पहिल्याच दिवशी त्याने बोधिसत्त्वांना शिळेवरून खाली उतरवले.

“दोर ओढत नाहीस, ओंडका उचलत नाहीस. वर दगडावर उभा राहून दगडाचं वजन वाढवतोस. आजपासून तुझं धान्य निम्मं. ओंडके उचल.”

“मग हाळी कोण देणार?” बोधिसत्त्वांनी विचारले.

“मी देईन. तोंड मलाही आहे.”

ते खरे होते. कुणी वाद घातला नाही. कमी झालेले धान्य मुकादमाच्या घरी गेले, त्याचेही कुणाला नवल वाटले नाही.

मग त्याने पाणी बंद केले. पाणी आणायला जाणारे लोक झाडाखाली बसतात, असे त्याचे म्हणणे होते. खदिर पुढे झाला. त्याच्या तळहातांवर फोड आले होते.

“आम्ही राहू तहानेले. पण खुंटाला तरी पाणी द्या.”

“खुंटाला तहान लागते का रे?” मुकादम हसला. “आणि हात दाखवतोस काय? तुझा बाप जन्मभर दोर धरूनच मेला, त्याने नाही कधी हात दाखवले. बोललास म्हणून आजचं धान्य बंद.”

खदिर एकही शिवी न देता दोराकडे वळला. ज्या दिवशी तो शिव्या देई त्या दिवशी गडी निर्धास्त असत. आज ते एकमेकांकडे पाहू लागले.

दोन प्रहरी राजा शिळा पाहायला आला. मुकादम लगबगीने शिळेच्या पुढे गेला, कारण राजाला पुढची बाजू दिसत होती. छत्री मिरवत, राजाकडे पाहत, शिळेकडे पाठ करून चालत तो हाळी देऊ लागला. “सोड, सोड, चांगलं सोड.” राजा मान डोलावी, तसा त्याला आणखी जोर चढे. शिळेचा वेग वाढला. मुकादमाच्या धोतराचा सोगा ओंडक्याखाली गेला आणि तो जागच्या जागी बसला. शिळा त्याच्याकडे येऊ लागली.

ओंडका टाकून बोधिसत्त्व चालत्या शिळेवर चढले. मुकादमाच्या म्हणण्याप्रमाणे शिळा तेवढी जड झाली.

“खदिरा, धऽर.”

खदिराने वेढा आवळला. दोरातून धूर निघत होता.

“काय झालं पुढं?”

“मुकादम अडकलाय. धोतर ओंडक्याखाली गेलंय त्याचं.”

नुसते “धर” म्हटले असते, तर खदिराच्या हातांनी सवयीने धरले असते. पण बोधिसत्त्वांनी कधी खोटी हाळी दिली नव्हती आणि अर्धीही दिली नव्हती.

खदिराने आपल्या मुठींकडे पाहिले. मुठी उघडल्या की झाले. कोरडा खुंट, तापलेला दोर, कुणीही म्हणाले असते की दोर सुटला. पाणी कुणी बंद केले, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

“सांगितलंस कशाला, दादा?” तो म्हणाला.

“तू विचारलंस म्हणून.”

“मग आता खाली उतर.”

“नाही उतरत. हाळी देणाऱ्याची जागा इथंच. तुला सोडायचा तर सोड. मी मात्र हाळी धरायचीच देणार.”

म्हणजे शिळा सुटली तर हेही तिच्याबरोबर जाणार. ही थोडी लबाडी झाली. पण बोधिसत्त्वांनाही निवडायला फार काही नव्हते.

खदिराने बापाच्या नावाने एक शिवी दिली, ती बापाला नव्हती. मग त्याने दोर धरला. तळहाताची सालटे निघाली, तरी धरला. गडी पहारी घेऊन धावले, ओंडका उचकटला, आणि मुकादम सुटला. धोतर मात्र सुटले नाही. राजासमोर तो नुसती छत्री घेऊन उभा राहिला, आणि ती कुठे धरावी हे त्याला प्रथमच कळेना.

आधी एक गडी हसला. मग सगळी टोळी हसली. खदिरही हसला, हात फुंकता फुंकता. बोधिसत्त्वांनी आपले उपरणे काढून मुकादमाला गुंडाळायला दिले.

“काय हवं तुला?” राजाने बोधिसत्त्वांना विचारले.

“खुंटाला पाणी, महाराज. माणसांनाही. ज्याचं धान्य कापलं त्याला ते परत. आणि शिळेवर एक माणूस उभा.”

“आणि या मुकादमाचं काय? हत्तीच्या पायी द्यायचा?”

“हत्तीला आपलं काम आहे. याला पाणी आणायला ठेवा.”

तसे झाले. पिंगलक पुढे बरेच दिवस पाणी आणत असे. पहिला घडा खुंटावर ओती, आणि ओतताना खदिराकडे पाहत नसे.

तथागतांनी ही कथा विहारात सांगितली, त्याला निमित्त पेजेचे झाले. एक भिक्षू तक्रार घेऊन आला होता. भांडारी बाकीच्यांना पेज तळापासून ढवळून वाढतो आणि मला वरचे पाणी देतो, असे त्याचे म्हणणे होते. कथा ऐकताना तो खुशीत होता. आपणच खदिर, हे त्याने ठरवून टाकले होते, आणि मधूनमधून तो आपले तळहात पाहत होता.

तथागत म्हणाले, “त्या वेळचा राजा म्हणजे आज या विहाराला तांदूळ देणारा उपासक. टोळी म्हणजे हा भिक्षुसंघ. हाळी देणारा मी होतो. खदिर म्हणजे आपला भांडारी.” मग ते त्या भिक्षूकडे वळले. “आणि बाबा, ते धोतर तुझं होतं.”

भांडारी गालात हसला.

“भांडाऱ्या, तूही ऐक. तू दोर धरलास, पण राग पुरता सोडला नाहीस. जो उरला तो पेजेत उतरतो आहे.”

दुसऱ्या दिवशी भांडाऱ्याची पळी तळापर्यंत गेली. त्या भिक्षूने पेज घेतली, आणि कुणी न सांगता पाण्याचा घडा उचलून सगळ्यांना पाणी वाढले. भांडाऱ्याला वाढताना त्याने त्याच्याकडे पाहिले.

त्या जन्मी बोधिसत्त्वांची क्षांती, म्हणजे क्षमा, पूर्ण झाली होती. खदिराची पळीभर राहिली होती, ती त्या दिवशी झाली.