धाकूची उडी आणि मानाचा नारळ

समुद्राकाठच्या एका गावात एक भोळा धाकू होता. तसे गावात धाकू आणखी दोन होते, पण ते भोळे नव्हते, म्हणून त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

आपला धाकू पंचवीस वर्षांचा, उंचापुरा. पाण्यात पडला की त्याला हरवणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. अडचण यायची ती जमिनीवर. त्याला कुणी 'जरा थांब' म्हटलं की तो थांबायचा, आणि सांगणारा 'आता चल' म्हणायला विसरला की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचा.

त्याची आई सुभद्रा या थांबण्याला कंटाळली होती. तिच्या भावाची कराडला गुळाची वखार होती. तिनं सरळ सांगून टाकलं की नारळी पौर्णिमेपर्यंत गावात काम मिळालं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं मामाकडे ढेपा उचलायला जायचं. धाकूनं विचारलं, कराडात समुद्र कुठल्या बाजूला आहे? आई म्हणाली, कुठल्याच नाही. त्या दिवशी धाकू जेवला नाही.

गावात पास्कूमामा फर्नांडिस होता. तो पर्यटकांना विंडसर्फिंग शिकवायचा. म्हणजे एक लांबलचक फळी, तिच्यावर एक शीड, शिडाला हातात धरायची एक दांडी, आणि वर उभा राहिलेला घाबरलेला पर्यटक. आता पर्यटकांना लाटेवरून उडी मारणारा माणूस बघायचा होता आणि मामाच्या गुडघ्यांनी उड्यांचा राजीनामा दिलेला होता. त्याला हाताखाली कुणीतरी हवंच होतं. धाकू आला आणि म्हणाला, मी शिकतो. पास्कूमामानं त्याच्या खांद्यांकडे पाहिलं आणि हो म्हणून टाकलं. डोक्याकडे पाहायचं राहून गेलं.

पण पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला गावाचा मानाचा नारळ पाण्यात पडतो, तेव्हा समुद्र उघडतो. तोपर्यंत कुणी पाण्यात पाऊल घालत नाही. त्यामुळे लाटेवरून उडी मारण्याचं धाकूचं सगळं शिक्षण वाळूवर झालं.

पहिल्या दिवशी मामानं फळी वाळूत मांडली, धाकूला वर उभं केलं आणि पहिला धडा दिला.

"लाटेर डोळे ठेव. काय झाला तरी हलवू नको."

धाकूनं ते घोकलं. मामा चहाला गेला. धाकू लाटेवर डोळे ठेवून उभा राहिला. एक लाट गेली की दुसरी यायची. दुसरी गेली की तिसरी. लाटा काही संपेनात. दुपारी आई हाका मारत आली, तेव्हा धाकू निघाला खरा, पण डोळे लाटेवरच होते, म्हणून उलटा चालत निघाला. किनारा उलटा चढला, माडांची बाग उलटी ओलांडली आणि घरामागच्या शेणाच्या खड्ड्यात उलटाच गेला. आत पडल्यावरही तो मान उंच करून लाट दिसते का बघत होता.

आईनं त्याला तीन घागरी पाण्यानं धुतलं. पास्कूमामानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, अरे, लाट तर बघायचीच, पण मग पुढे बघायला नको?

"जंय जावचा आसा, थंय बघ."

जिथं जायचं तिथं बघायचं, हे धाकूनं घोकलं. दुसऱ्या दिवशी आईनं त्याला देवळात तेलाची बाटली द्यायला पाठवलं. देवळाचा कळस घरातून दिसायचा. धाकूनं कळसावर नजर लावली आणि निघाला. रस्ता डावीकडे वळला. धाकू वळला नाही. कळसाच्या आणि त्याच्या मध्ये रुक्मिणकाकीचं घर होतं. काकी चुलीवर घावनं घालत बसली होती. धाकू पुढच्या दारानं आत आला, चूल ओलांडली, 'येतंय काकी' म्हणाला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. मागे दोरीवर काकीचं लुगडं वाळत होतं. ते डोक्यावर आलं आणि धाकूबरोबर देवळापर्यंत गेलं. देवळात बायकांनी नवी सून समजून त्याला बसायला पाट दिला.

लुगडं परत करायला पास्कूमामाला जावं लागलं. काकीनं त्याला दारातच चार गोष्टी ऐकवल्या. परत येऊन तो धाकूला म्हणाला की नुसतं बघून चालत नाही, वाटेत काही आलं तर त्याच्यात घुसायचं नाही.

"वाटेत कायव इला की गुडघे मोड, पुढचो पाय उचल आणि उडी मार."

हा धडा धाकूला सगळ्यात आवडला. तो दिवसभर वाळूत उड्या मारत होता. मारायचाही सुरेख. रुक्मिणकाकीसुद्धा राग विसरून बघत उभी राहिली.

चार दिवसांनी देवळात गावजेवण होतं. धाकूच्या डोक्यावर सोलकढीचं भांडं दिलं आणि पंगतीकडे पाठवलं. देवळाच्या पायरीशी सातूआजो वाकून आपली चप्पल शोधत होते. सातूआजो म्हणजे गावातले सगळ्यात वयस्क तांडेल, होडीचे म्होरके, नव्वदीला आलेले. मानाचा नारळ दरवर्षी त्यांच्याच हातून समुद्रात पडायचा. आज त्यांनी नवं कोरं पांढरं धोतर नेसलं होतं.

धाकूच्या वाटेत सातूआजो आले. धाकूनं गुडघे मोडले, पुढचा पाय उचलला आणि उडी मारली. उडीत काही चूक नव्हती. आजोबांच्या टाळूला वाराही लागला नाही. फक्त उडी जोरात जमल्याच्या आनंदात धाकूनं दोन्ही हात वर केले आणि भांडं खाली आलं. सातूआजो सरळ उभे राहिले तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी होते.

पास्कूमामा धावत आला. आजोबांची माफी मागितली, त्यांना पुसलं, आणि मग धाकूला कोपऱ्यात घेऊन शेवटचा धडा दिला.

"उडी मारताना हातातला काय सोडूचा नाय. मरान पडलंस तरी सोडूचा नाय."

धाकूनं हे इतकं घोकलं की झोपेतही म्हणायला लागला. त्या आठवड्यात तो म्हशीचं दावं धरून ओहोळावरून उडी मारायला गेला. धाकूनं दावं सोडलं नाही आणि म्हशीनं अलीकडचा काठ सोडला नाही. त्याला ओहोळातून बाहेर काढायला म्हशीलाच मागे चालवावं लागलं.

पण सोलकढीनं एक चांगलं केलं. सातूआजोंना ती उडी लक्षात राहिली. त्यांच्या खांद्यात आता जोर उरला नव्हता. गेल्या वर्षी त्यांनी टाकलेला मानाचा नारळ लाटेनं तीनदा परत किनाऱ्यावर आणून टाकला होता आणि गावाला ते बरं वाटलं नव्हतं. आजोबांनी पास्कूमामाला बोलावलं आणि विचारलं, हा पोरगा शिडाच्या फळीवरून लाट ओलांडून नारळ पलीकडे टाकील का? नारळ देणाऱ्याला समुद्रात उतरायची मुभा असतेच. मामाची छाती फुगली. तो म्हणाला, टाकील म्हणजे काय, टाकीलच. आणि सुभद्रेला त्यानं शब्द दिला की उडी मारून, नारळ देऊन धाकू आला की त्याची नोकरी पक्की.

नारळी पौर्णिमा उजाडली. सगळा गाव किनाऱ्यावर आला. ढोल आले, होड्यांना पताका लागल्या. सुभद्रा एका हातात आरतीचं ताट आणि दुसऱ्या हातात धाकूच्या कपड्यांची पिशवी घेऊन आली होती. काय सांगता येतं, दोन्हीची तयारी असलेली बरी. ती पिशवी बघून धाकू मामाच्या मागे जाऊन उभा राहिला.

मामानं पूजा केलेला नारळ लाल फडक्यात गुंडाळून धाकूच्या कमरेला बांधला आणि सांगितलं, वर गेलास की एका हातानं नारळ काढायचा आणि लाटेपलीकडे टाकायचा. धाकूनं मान हलवली. फळी पाण्यात गेली. शिडात वारा भरला आणि धाकू निघाला.

समोरून लाट आली. चांगली घराच्या पडवीएवढी. धाकूनं डोळे तिच्यावर ठेवले. मग जिथं जायचं होतं तिथं, पलीकडे बघितलं. लाट जवळ आली. त्यानं गुडघे मोडले, पुढचा पाय उचलला. आयुष्यात पहिल्यांदा तिन्ही धडे जिथल्या तिथे लागले. फळी लाटेच्या पाठीवरून सुटली आणि वर गेली. आणखी वर गेली. खालून पाणी गेलं, फेस गेला, दोन बगळे गेले. गाव आ वासून बघत राहिला. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. सुभद्रेच्या हातातली पिशवी वाळूत पडली आणि ती चक्क नाचायला लागली.

वर हवेत धाकूनं एक हात सोडून नारळ काढला. नारळ ओला होता, निसटायला लागला. म्हणून त्यानं दुसराही हात लावला. आता नारळ टाकायचा, एवढंच राहिलं होतं. पण टाकणार तेवढ्यात त्याला शेवटचा धडा आठवला. धाकू विचार करायला लागला. जमिनीवर त्याला विचार करायला अर्धा दिवस लागायचा. इथं एका लाटेएवढाच वेळ होता.

फळी एकीकडे गेली आणि धाकू दुसरीकडे पडला. थोड्या वेळानं तो पोहत किनाऱ्याला लागला. नारळ त्यानं छातीशी धरला होता. मागे शीड पाण्यावर आडवं पडलं होतं आणि ओहोटीचं पाणी फळीला आत आत नेत होतं.

पास्कूमामा पाण्याच्या कडेपर्यंत धावत आला. त्यानं विचारलं की दांडी का सोडलीस.

"हातात नारळ होतो, मामानू. हातातला सोडूचा नाय. दांडी हातात नव्हतीच, ती कशी सोडतलंय?"

 मग गलका झाला. समुद्राला काय दिलं आपण? नारळ की फळी? समुद्र उघडला की नाही? सगळे सातूआजोंकडे बघायला लागले. आजोबांनी दूर जाणाऱ्या शिडाकडे पाहिलं. मग म्हणाले, वाजतगाजत दिलं, पूजा करून दिलं, समुद्रानं घेतलं. समुद्र उघडला. लोकांनी आपापले नारळ टाकले, होड्या सुटल्या. मामा मात्र वाळूत बसून डोळे पुसत होता. त्याची ती एकच धड फळी होती. आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पास्कू, दर्याक दिलला परत घेवचा नाय."

हे मामाला सांगितलं होतं. पण ऐकलं धाकूनं. आणि घोकलंही.

मामाचं मन तसं मऊ. उडी तर त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, तशी उडी त्याला तरुणपणीही जमली नव्हती. तो सुभद्रेला म्हणाला की फळीशिवाय मी याला ठेवू कशावर? भरतीला ती परत आली तर धाकू राहील. नाही आली तर तुझी पिशवी आहेच. धाकूला काठावर बसवून सगळे घरी गेले.

धाकू नारळ धरून बसला. सोड म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दिवस कलला, भरती लागली. आणि सूर्य बुडायच्या आधी, एकही ओरखडा नाही, शिडाला एक भोक नाही, अशी फळी लाटेवरून अलगद आली आणि धाकूच्या पायाशी येऊन लागली.

थोड्या वेळानं धाकू पास्कूमामाच्या दारात उभा राहिला. अंगावरून पाणी निथळत होतं, तोंडावर हसू मावत नव्हतं.

"मामानू, फळी परत इली."

मामा ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. त्यानं धाकूला मिठी मारली आणि विचारलं, कुठे आहे?

"काळजी करू नकात. मिया परत देवन इलंय. लाट मोठी होती, उडी तिच्याहून मोठी मारलंय. आणि ह्या टायमाक नारळ पण सोडलंय."

मामा खुर्ची आहे समजून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रेनं धाकूला कराडच्या एसटीत बसवलं. तिलाही रडू येत होतं, पण बोलल्याप्रमाणे वागायचं होतं. पास्कूमामा निरोप द्यायला आलाच नाही. धाकू सगळ्यात मागच्या बाकावर गेला आणि मागच्या काचेकडे तोंड करून बसला. गाडी सुटली. समुद्र लहान लहान होत चालला. धाकूनं नजर हलवली नाही.

कंडक्टर आला आणि त्यानं विचारलं, कुठं जायचं?

धाकूनं न वळता मागच्या काचेतून समुद्राकडे बोट दाखवलं.

कंडक्टर म्हणाला, अहो, मग या गाडीत कशाला बसलात? त्यानं घंटी मारली आणि धाकूला वाटेतच उतरवलं.

दुपारी रुक्मिणकाकी घावनं घालत होती. खिडकीतून तिला दिसलं, टेकडीवरून कुणीतरी पिशवी घेऊन अगदी सरळ रेषेत येतंय. कुंपण आलं की उडी, बांध आला की उडी. काकीनं तवा उतरवून बाजूला ठेवला. पुढचं दार उघडलं. मग मागचंही उघडलं. मागे किनाऱ्यावर पास्कूमामा आपली जुनी मोडकी फळी जोडत बसला होता.

"पास्कू," काकी म्हणाली, "बाजूक हो. तुझो इलो."